कुठला शब्द?

यंदा नाताळला नगरला गेलो होतो. सकाळच्या उपासनेला मागच्या बाकावर बसलेलो, शेजारी माझा भाचा, वय वर्षं नऊ, अंगात कोरा शर्ट, आणि त्याच्या कॉलरमधली एक टाचणी काढायची राहिली होती म्हणून तो सारखी मान वाकडी करत होता. पुढे शास्त्रवाचन चाललेलं, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, दर नाताळला ऐकतो तोच. "प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता." माझं लक्ष खरं सांगायचं तर घरी शिजत असलेल्या मटणाकडे होतं. तेवढ्यात भाच्याने कानाशी तोंड आणून विचारलं, "मामा, कुठला शब्द?" मी म्हटलं, शू. मिनिटभर गप्प बसला आणि परत, "पासवर्डसारखा का?" पुढच्या बाकावरच्या मावशी वळून बघायला लागल्या, मी डोळे वटारले आणि विषय संपला. म्हणजे त्याच्यापुरता संपला, घरी जाऊन करंज्या खाताना तो विसरूनही गेला. मी मात्र पुण्याला परत येताना एसटीत शिरूरपासून वाघोलीपर्यंत तेच घोळवत बसलो, की चाळीसेक वर्षं आपण हे वाक्य ऐकतोय, तोंडपाठ आहे, आणि एकदाही विचारावंसं वाटलं नाही, कुठला शब्द?

मराठीत शब्द म्हटलं की एक तर डिक्शनरीतला, नाहीतर आपण कुणाला देतो आणि मग पाळतो किंवा फिरवतो तो. आपल्याकडे मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो, आणि शब्दाने शब्द वाढला की भावाभावांचं दहा दहा वर्षं बोलणं बंद होतं. पण ह्यातला कुठलाच 'देव होता' म्हणावं असा नाही. हिंदी बायबलात तिथे 'वचन' आहे, चिनी बायबलात तर सरळ 'ताओ'. मूळ ग्रीक शब्द लोगोस, आणि तो एक नंबरचा बेरकी शब्द आहे, कारण तो बोल पण आहे, कारण पण, युक्तिवाद पण, दोन गोष्टींमधलं प्रमाण पण, आणि चक्क हिशेब पण, वाण्याच्या वहीत असतो तसला. योहानाच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधी इफिसस ह्या ग्रीक शहरातल्या हेराक्लिटस नावाच्या एका तिरसट माणसाने लिहून ठेवलंय की जगात जे काही घडतं ते ह्या लोगोसप्रमाणे घडतं, आणि माणसांना तो ऐकण्याआधीही कळत नाही आणि ऐकल्यावरही कळत नाही. (मागच्या बाकावरचा मी!) मग स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी तो उचलला, त्यांच्या लेखी लोगोस म्हणजे सगळ्या विश्वात भिनलेली बुद्धी, तापलेल्या लोखंडात आग भिनते तशी. मग अलेक्झांड्रियातला फिलो, ज्यू, येशूच्याच काळातला, त्याने हा लोगोस देव आणि जग ह्यांच्या मधे आणून ठेवला. आणि योहानाने आपलं शुभवर्तमान लिहिलं ते, परंपरा सांगते, इफिससमध्येच. हेराक्लिटसच्या गावात.

म्हणजे शब्द कोरा नव्हता. बऱ्याच जणांनी वापरून मऊ झालेला होता.

मऊ कपड्यावरून आजोबा आठवले. मिशनच्या शाळेत मास्तर, आणि नाताळात आसपासच्या खेड्यांतून कीर्तन करत फिरायचे. कीर्तन म्हणजे खरोखरचं हं, टाळ, पेटी, पूर्वरंग, उत्तररंग, फक्त उत्तररंगाला आख्यान बायबलातल्या उधळ्या पुत्राचं. चर्चमध्ये बाकीची पुरुष मंडळी कोट-पँटीत आणि हे धोतर नेसून, खांद्यावर उपरणं. त्या उपरण्याला कापूर आणि निलगिरीच्या तेलाचा मिळून एक वास यायचा, सर्दी झाली की मी त्यातच तोंड खुपसून झोपायचो. योहानाचा पहिला अध्याय त्यांचा लाडका. तो ऐकून घरी आले की चहा बशीत ओतता ओतता हमखास तुकोबा म्हणायचे, "तुका म्हणे पाहा शब्दचि हा देव, शब्देंचि गौरव पूजा करूं". त्यात काही विपरीत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक स्वतः म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि नगरच्या ख्रिस्ती घरात टिळकांच्या वर कोण बोलणार. तरी एकदा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी टोकलंच, मास्तर, ते उपरणं आता सोडा, हिंदू दिसता. मी सहा-सात वर्षांचा असेन, आजोबा आता काहीतरी खणखणीत बोलणार म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आजोबा म्हणाले, "थंडी वाजते हो."

पुढे कितीतरी वर्षांनी जस्टिनबद्दल वाचलं तेव्हा मला आधी ते उपरणं आठवलं. जस्टिन, पुढे रक्तसाक्षी झालेला, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेला, इसवी सन १०० च्या आसपास आजच्या नाब्लुसला जन्मला, घरचे ना ज्यू ना ख्रिस्ती. त्याला देव शोधायचा होता, आणि त्या काळी देव शोधायचा तर तत्त्वज्ञाकडे शिकवणी लावायची पद्धत. त्या शिकवण्यांची हकीकत त्याने स्वतःच सांगितलीय आणि ती भारी आहे. पहिला गुरू स्टोइक, त्याला देवाबद्दल स्वतःलाच काही माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही वाटत नव्हती. दुसरा अॅरिस्टॉटलच्या पंथातला, स्वतःला फार हुशार समजणारा, चार दिवस झाले नाहीत तोवर म्हणाला फीचं काय ते ठरवून घेऊ, झालं, जस्टिनच्या मनातून तो तत्त्वज्ञ म्हणून उतरलाच. तिसरा पायथागोरसवाला, तो म्हणाला आधी संगीत, खगोल आणि भूमिती करून ये, मग बोलू. चौथा प्लेटोवाला, तिथे मात्र गडी रमला, आता देव दिसायलाच लागणार असं वाटायला लागलं. आणि मग एक दिवस समुद्राकडेला एकटाच फिरायला गेला तर मागून एक म्हातारा आला. दोघांचं बोलणं सुरू झालं. म्हाताऱ्याने एकेक प्रश्न विचारत प्लेटोच्या आत्म्याला भोकं पाडली (ही प्रश्न विचारायची खोड सॉक्रेटिसचीच, बरं का), संदेष्ट्यांबद्दल सांगितलं आणि निघून गेला. पुन्हा कधी भेटला नाही. जस्टिन ख्रिस्ती झाला, पण अंगावरचा तत्त्वज्ञाचा झगा काही त्याने उतरवला नाही. झगा कसला, जाडंभरडं कापड, अंगाभोवती गुंडाळायचं. पुढे ट्रायफो नावाचा ज्यू त्याला भेटतो तो त्या कपड्यावरूनच ओळखून "नमस्कार, तत्त्वज्ञ" म्हणतो, आणि ही भेट कुठे, तर चर्चचा जुना इतिहासकार युसेबिअस म्हणतो इफिससमध्ये. परत इफिससच. जस्टिनचं म्हणणं असं की मी तत्त्वज्ञान सोडलेलं नाही, मला खरं तत्त्वज्ञान आत्ता कुठे सापडलंय. असेल तसंही. मला आपलं वाटतं थोडी थंडीही वाजत असेल, इतक्या वर्षांची सवय असते अंगाला.

१६५ च्या सुमारास रोममध्ये त्याच्यावर खटला झाला, त्याची नोंद शिल्लक आहे, अगदी छोटी, चहा पिता पिता वाचून होईल एवढी. समोर बसलेला नगरप्रमुख कोण, तर युनियस रुस्टिकस. हा म्हणजे सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू, ज्याने आपल्या संग्रहातली एपिक्टेटस ह्या स्टोइक तत्त्वज्ञाची टिपणं सम्राटाला दिली आणि सम्राटाने त्याबद्दल आपल्या वहीत आभार मानून ठेवलेत. पक्का स्टोइक. तो विचारतो, तू कुठल्या विद्येचा अभ्यास करतोस? जस्टिन म्हणतो, सगळ्या विद्या शिकायचा प्रयत्न केला, शेवटी ख्रिस्ती लोकांच्या खऱ्या शिकवणीला लागलो. मग शेवटाकडे रुस्टिकस विचारतो, तुला फटके मारून मुंडकं उडवलं तर तू वर स्वर्गात जाशील असं वाटतं का तुला? वाटत नाही, माहीत आहे, जस्टिन म्हणतो. तो आणि बरोबरचे सहा, सगळ्यांना फटके आणि शिरच्छेद. शिक्षा झाली ती देवांना अर्पण करायला नकार दिला म्हणून, तत्त्वज्ञानासाठी नाही, हे मान्य. पण माझ्या डोक्यातून जात नाही ते हे, की त्या खोलीत दोघंही लोगोस मानत होते. रुस्टिकसचा लोगोस सगळ्या विश्वात भिनलेला, म्हणून कुठेच एका जागी नसलेला. आणि जस्टिन सांगत होता की तो लोगोस गालीलात एका सुताराच्या घरी वाढला, नांगर आणि जू बनवायचा (हे जस्टिनने खरंच लिहिलंय, नांगर आणि जू), आणि रोमन सुभेदार पिलाताने त्याला क्रुसावर दिलं. रुस्टिकसला ते काय वाटलं असेल? लांबच्या माणसाचं काही वाटत नाही हो, आपलेच शब्द वापरून भलतंच बोलणारा भावकीतला माणूस जास्त डोक्यात जातो.

एकच शब्द, खोलीच्या दोन्ही टोकांना.

हे भावकीचं प्रकरण खरं येशूचा प्रेषित पौल, त्याच्यापासूनचं. तो अथेन्सला गेला तेव्हा तिथले एपिक्युरियन आणि स्टोइक लोक त्याला काय म्हणाले, तर स्पेर्मोलोगोस. दाणे टिपत हिंडणारं पाखरू, म्हणजे इकडचं तिकडचं ऐकून बडबडणारा. ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन पाखरं हाकलणाऱ्या माणसाने म्हणावं तसं. आणि पौलाने तिथल्या अरिओपग टेकडीवर उभं राहून खरोखरच एक दाणा टिपला, त्यांच्याच अराटस कवीची ओळ त्यांना ऐकवली, आपण सगळे त्याचीच लेकरं आहोत अशा अर्थाची. मेलेले उठण्याचा विषय निघेपर्यंत सगळं ठीक चाललेलं, मग काही हसले, आणि काही म्हणाले ह्याविषयी पुन्हा कधीतरी ऐकू, म्हणजे अगदी पुणेरी नकार. शंभरेक वर्षांनी जस्टिनने तोच दाणा घेऊन वेगळंच काहीतरी केलं. तो म्हणाला ते बी आहे, लोगोसनेच पेरलेलं, सगळ्या माणसांत थोडं थोडं. म्हणून सॉक्रेटिस, हेराक्लिटस, जे कुणी लोगोसला धरून जगले ते ख्रिस्तीच, लोक त्यांना नास्तिक का म्हणेनात. आणि जगात कुणीही जे काही चांगलं बोललं असेल ते आमचंच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे इतकं आवडलं की मी वहीत उतरवून ठेवलं. किती मोठं मन! नंतर कधीतरी कॉलेजमधला मित्र चहाच्या टपरीवर म्हणाला, "अरे तुमचा येशू म्हणजे योगीच होता, आमचाच माणूस." त्याने अगदी प्रेमाने म्हटलं होतं, खांद्यावर हात वगैरे टाकून, आणि मला आतून जे काही झालं ते काही प्रेम नव्हतं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जे जीव लावून म्हणत आलो ते तुमचंच होतं का, आम्हालाच माहीत नव्हतं? मग वाटलं, सॉक्रेटिसला विचारलं असतं, की बाबा तू ख्रिस्ती होतास, चालेल का, तर तो काय म्हणाला असता. त्याने आधी विचारलं असतं ख्रिस्ती म्हणजे नेमकं काय, आणि जस्टिनची संध्याकाळ तिथेच गेली असती. टिळकांच्या पुलाचंही तसंच. पूल म्हटलं की माणूस पलीकडे पोचतो हे खरं, पण पुलावर पाय देऊनच पोचतो ना. तुकोबांना कसं वाटलं असतं? आजोबांना हे असले प्रश्न पडायचे नाहीत. त्यांचा तुकोबा पूलबिल नव्हता, चहाच्या वेळी शेजारी येऊन बसणारा माणूस होता.

आणि एक गंमत. हेच जस्टिन वगैरे लोक एकीकडे बी पेरलंय म्हणायचे आणि दुसरीकडे म्हणायचे की प्लेटोने सगळं मोशेच्या ग्रंथातून ढापलंय. आपल्याकडच्या 'विमानं तर आमच्या पुराणात आधीच होती' छाप फॉरवर्डची आठवण येते. मजा म्हणजे नुमेनियस नावाचा एक बाहेरचाच तत्त्वज्ञ पण म्हणून गेलाय की प्लेटो म्हणजे दुसरं काय, अथेन्सची ग्रीक बोलणारा मोशे! हे वाक्य आपल्यापर्यंत आलं ते क्लेमेंटमुळे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ह्या सगळ्यांतला माझा आवडता, कारण त्याच्या मुख्य पुस्तकाचं नाव स्ट्रोमाटा, त्याला मराठीत एकच शब्द आहे, गोधडी. आणि पुस्तकही तसंच, होमरचा तुकडा, संदेष्ट्यांचा तुकडा, प्लेटो, पौल, मधेच भारतात बुट्टाच्या आज्ञा पाळणारे लोक आहेत आणि त्याच्या थोरवीमुळे ते त्याला देव मानतात, हा एक तुकडा. बुट्टा म्हणजे आपले बुद्ध. इसवी सन २०० च्या आसपासची गोष्ट ही. क्लेमेंट म्हणतो, ज्यूंना जसं नियमशास्त्र तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान, ख्रिस्तापर्यंत बोट धरून आणणारं. आणि आपल्याच मंडळीतल्या भित्र्या लोकांना चिमटा काढतो, की तुम्ही ग्रीक तत्त्वज्ञानाला असे घाबरता जसं पोरं मुखवट्याला घाबरतात. बागुलबुवा! माझ्या आजीने शिवलेली गोधडी अजून आहे घरी, त्यात आजोबांच्या एका उपरण्याचा तुकडा आहे, कडेला, किंचित पिवळा पडलेला.

ओरिजेन हाही अलेक्झांड्रियाचाच, पण त्याची तऱ्हा निराळी. बाप ख्रिस्ती म्हणून तुरुंगात, आणि हा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा मला पण पकडा म्हणून निघाला, तर आईने त्याचे कपडे लपवून ठेवले म्हणून वाचला. (तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्या माऊलीचं नाव नाही, पण ओरिजेनचं एकूण एक पुस्तक तिच्यामुळे आहे.) म्हातारपणी त्याने केल्ससला उत्तर लिहिलं. केल्सस हा आधीच्या पिढीतला ग्रीक, त्याने ख्रिस्ती लोकांची यथेच्छ सालं काढली होती, की हे विणकर, चांभार, धोबी, घराच्या कोपऱ्यात बायका-पोरांना गाठून शिकवतात, शहाण्या माणसासमोर तोंड उघडत नाहीत. केल्ससचं पुस्तक आता कुठेच नाही. पण ओरिजेनने आठ भागांत उत्तर देताना त्याची वाक्यंच्या वाक्यं आधी उतरवून घेतली, त्यामुळे शत्रूच्या पुस्तकात तो बराचसा जिवंत आहे. आपल्याकडे चार्वाकाचं असंच झालं, ज्यांनी खोडून काढलं त्यांच्याच पूर्वपक्षात तो उरला. मला ओरिजेनची ही सचोटी फार मोठी वाटते, समोरच्याचं म्हणणं आधी नीट लिहायचं, मग भांडायचं.

पुढे दिवस पालटले. मार खाणारे सत्तेत आले आणि ही सचोटी पातळ होत गेली. त्याच अलेक्झांड्रियात ४१५ साली हायपेशियाला, गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईला, ख्रिस्ती जमावाने ठार मारलं. ५२९ मध्ये जस्टिनियन बादशहाने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवण्यावर बंदी आणली आणि तिथले काही तत्त्वज्ञ इराणच्या बादशहाकडे निघून गेले. आमच्या रविवारच्या शाळेत ह्यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. जस्टिनचं मुंडकं उडालं ते सांगितलं होतं.

ह्या सगळ्यात ऑगस्टिन ह्या ख्रिस्ती धर्मपंडिताचं एक वाक्य आहे जे मला अजून सोडत नाही. तो म्हणतो, प्लेटोवाल्यांच्या पुस्तकांत मला हेच सापडलं, शब्द वेगळे पण अर्थ हाच, की प्रारंभी लोगोस होता आणि तो देव होता. पण तो देह झाला आणि आपल्यात राहिला, हे तिथे सापडलं नाही. तोच पुढे एक किस्सा सांगतो, की एक प्लेटोवाला म्हणायचा, योहानाची ही सुरुवातीची वाक्यं सोन्याच्या अक्षरांत लिहून प्रत्येक चर्चमध्ये सगळ्यांना दिसतील अशी लावली पाहिजेत. म्हणजे पहिल्या ओळीपर्यंत सगळे एकत्र, सोन्याची अक्षरंसुद्धा मंजूर. अडलं ते पुढे, देह, सुतार, नांगर, जू. मला स्वतःलाही, खोटं कशाला बोलू, पहिली ओळ मान्य करायला काही जड जात नाही. पुढच्या ओळीला मी बाकावर जरा चुळबुळतो.

जानेवारीत ताईला फोन केला तेव्हा भाच्याला मागून घेतलं. म्हटलं, तू विचारलं होतंस ना, कुठला शब्द. तो म्हणाला, कधी? मग आठवलं त्याला. मी आपलं जमेल तसं सांगितलं, की तिथे शब्द म्हणजे पासवर्ड नाही, देवाचा विचार, देवाच्या मनातलं बोलणं असं समज. तो जरा थांबला आणि म्हणाला, "पण मग तो बोलला कोणाशी? तेव्हा तर कोणीच नव्हतं ना."

मला हसू आलं, कारण नेमक्या ह्याच प्रश्नावर दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली डोकी फुटली आहेत. त्यावर स्टोइक लोकांचीच एक जोडी वापरात होती, आतला लोगोस आणि बाहेर पडलेला लोगोस, अंत्युखियाच्या थिओफिलसने १८० च्या आसपास ती उचलली. पण सगळ्यात छान उत्तर दिलं ते तर्तुलियन ह्या ख्रिस्ती लेखकाने, आणि हा तर कार्थेजचा भांडकुदळ, "अथेन्सचा यरुशलेमेशी काय संबंध, अकादमीचा मंडळीशी काय संबंध?" असं गरजणारा (अकादमी म्हणजे प्लेटोची शाळा, मंडळी म्हणजे चर्च). आता हा गरजला ते रोमन वक्तृत्वाच्या शाळेत घोटून घेतलेल्या लॅटिनमध्ये, आणि अंगावर त्याच्याही तोच तत्त्वज्ञाचा झगा! रोमन टोगा टाकून तो झगा घातला म्हणून लोक हसले, तर ह्याने झग्यावर अख्खं छोटं पुस्तक लिहिलं, आणि शेवटी झग्यालाच म्हणाला, आनंद कर, आता तू ख्रिस्ती माणसाच्या अंगावर आहेस. तर हा तर्तुलियन प्राक्सेअस नावाच्या माणसाविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात म्हणतो, देव एकटा होता आणि एकटा नव्हताही, कारण त्याची बुद्धी त्याच्यात होती. पटत नसेल तर स्वतःकडे बघ. गुपचूप विचार करतोस तेव्हा आत शब्द चालूच असतात की नाही? मग तिथे तू बोलतोस कोणाशी?

भाच्याला म्हटलं, "तू मनात विचार करतोस तेव्हा कोणाशी बोलतोस? बरं, एक कर. शब्द न वापरता विचार करून बघ."

फोनवर काहीच ऐकू येईना. मागे कुकरची एक शिट्टी झाली, ताई कुणाला तरी गॅस बारीक कर म्हणाली, दुसरी शिट्टी झाली.

"आहेस का रे?"

"थांब ना मामा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "करतोय."